विषय: सप्टेंबरच्या सत्राला निघालेली मुलं आणि तिकडचं इंग्रजी

कोथरूडहून:
नमस्कार मंडळी,
पुण्यातल्या कॉलेजांतून एका सत्रासाठी इंग्लंडला जाणाऱ्या मुलांची जुलैत बैठक ठेवली आहे. तिकडून आलेल्या मेलमध्ये 'इन-सेशनल इंग्लिश'ला नाव नोंदवा असं आहे. मुलं म्हणतात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा मिळाले, शाळेपासून इंग्रजी माध्यम, मग पुन्हा इंग्रजी कशाला? काकू, तुम्ही तिकडे हेच शिकवता. बैठकीत नेमकं काय सांगू?

काकूंचं उत्तर:
अरे, आधी दोन शब्द सुटे कर. प्री-सेशनल म्हणजे प्रवेशाआधीचा, फी भरून करायचा कोर्स. भाषेची अट पूर्ण झाली नसेल त्यांच्यासाठी. इन-सेशनल सत्र चालू असताना असतं, बहुतेक ठिकाणी मोफत, आणि एक्स्चेंजवर, म्हणजे आपल्या मुलांसारखं एका सत्रापुरतं आलेल्यांनाही खुलं. साप्ताहिक वर्ग, लेखनाच्या कार्यशाळा, शिवाय शिक्षकाशी एकट्याने बसून बोलायची वेळ.

आता साडेसहाचं. आयईएलटीएसच्या लेखनाला एक तास असतो, मोठा निबंध किमान 250 शब्दांचा आणि तो मनाने लिहायचा. त्यात एकही संदर्भ द्यायचा नसतो. तिकडे दोन-अडीच हजार शब्द लिहायचे ते दहा-बारा लेख वाचून, कोण काय म्हणतो आणि त्यातलं आपल्याला काय पटतं हे मांडत. त्या परीक्षेत हे तपासलंच जात नाही, त्यामुळे चांगल्या इंग्रजीचा मुलगाही इथे अडतो.

सगळ्यात महत्त्वाचं, यांच्याकडे एकच सत्र आहे. शिकवण्याचे आठवडे अकरा-बारा. पूर्ण पदवीला आलेली मुलं पहिल्या निबंधाचे शेरे वाचून पुढच्या सत्रात सुधारतात. आपल्या मुलांच्या हाती ते शेरे पडतात तेव्हा परतीची बॅग भरायला घेतलेली असते. म्हणून नाव पहिल्या दोन आठवड्यांत नोंदवायचं. नोव्हेंबरात निबंध जमा करायच्या तारखा जवळ आल्या की भेटीच्या वेळा मिळत नाहीत.

भेटीला 'एवढं तपासून द्या' म्हणून जाऊ नये. शिक्षक चुका दुरुस्त करून देत नाहीत, ते त्यांच्या नियमातच बसत नाही. असाइनमेंटचा कागद, गुण देण्याचे निकष, मसुद्याची दोन पानं आणि एकच प्रश्न न्यावा. 'दुसऱ्या परिच्छेदात माझा मुद्दा दिसतो का?' असा.

आणि उचलेगिरी. पुस्तकातलं वाक्य समजा असं आहे: 'रॅपिड अर्बनायझेशन हॅज इन्क्रीज्ड द डिमांड फॉर ग्राउंडवॉटर.' मुलं लिहितात: 'फास्ट अर्बनायझेशन हॅज रेज्ड द नीड फॉर ग्राउंडवॉटर.' शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. तिकडे ही नक्कलच धरतात. यात मुलांची लबाडी नसते. आपल्याकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरलं की गुण मिळत आले, ती सवय हातात बसलेली असते. उपाय आपल्या घरातलाच आहे. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला दोन वाक्यांत मराठीत सांगायचा. मग त्या मराठीवरून इंग्रजीत लिहायचं आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचं. वाक्याची चाल आपोआप बदलते. लेखकाचं नाव आणि साल मात्र तरीही द्यायचंच.

टर्निटिन म्हणजे निबंध इतर मजकुराशी किती जुळतो हे दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचा आकडा हा निकाल नव्हे, हेही सांग. संदर्भसूची आणि अवतरणं धरून 25 टक्के आले तरी काम स्वच्छ असू शकतं, आणि 8 टक्क्यांत एक अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो.

लीड्सहून:
काकूंच्या पत्राला जोडून थोडं. 'आय हॅव अ डाउट' तिकडे म्हणू नये. शंका विचारतोय असं न वाटता अविश्वास दाखवतोय असं वाटतं. 'क्वेश्चन' म्हणावं. 'पास्ड आउट इन 2024' म्हटलं तर पोरगा बेशुद्ध पडला होता असं समजतील! सेमिनारमध्ये गप्प बसणं हा आपल्याकडे आदर, तिकडे 'वाचून आला नाही' असा अर्थ लागतो. आदल्या रात्री वाचलेल्यातून एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकावा. नंतर चर्चा वेग घेते, मध्ये शिरायला जमत नाही.

पालकांनाही बोलव. 62 गुण पाहून घरी रडारड होते. तिथे पदवीला 40 ला पास, 70 ला फर्स्ट, 62 चांगले. पण हे 62 आपल्या पुण्यातल्या कॉलेजच्या गुणपत्रिकेत टक्के म्हणून जसेच्या तसे चढले तर मुलाचं नुकसान. रूपांतर कसं करणार हे कॉलेजकडून निघण्याआधी लेखी घ्या. क्रेडिटचंही तेच: तिकडचे 20 म्हणजे युरोपीय मोजणीचे 10, पूर्ण सत्राचे 60 म्हणजे 30.

कोथरूडहून:
फार उपयोग झाला. जुलैत पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून प्रत्येकाच्या विषयाचा एकेक लेख काढून मराठीतून सांगण्याचा सराव घेतो. एक राहिलं: एआयची मदत चालते का?

काकू:
दर विषयाचा नियम वेगळा असतो, मॉड्यूलच्या, म्हणजे त्या विषयाच्या हँडबुकात बघायचा. परवानगी असो-नसो, निबंधाचे सगळे मसुदे तारखेसह जपून ठेवायला सांग. शंका घेतली गेली तर तेच दाखवता येतात. नुसती वाक्यांची धाटणी हवी असेल तर मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडेमिक फ्रेजबँक' मोफत आहे. सराव तिच्यावरच घे, आणि संदर्भ नोंदवून ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर आत्ताच लॅपटॉपवर टाकून घ्या.