मदत हवी आहे: कौन्सिलरने घेतलेल्या भेटवस्तूंची नोंद कशी तपासायची? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या एका लहान शहरात आम्ही चौदा वर्षं राहतोय. इथे कौन्सिलच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, मालकीचा एक जुना हॉल आहे. आमची शनिवारची मराठी शाळा तिथेच भरते, गणपतीही तिथेच बसतो. तो पाडून त्या जागी फ्लॅट बांधायला प्लॅनिंग कमिटीने मार्चमध्ये परवानगी दिली. मी त्या दिवशी पब्लिक गॅलरीत बसले होते. विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाचा विषय होता सदस्यांनी हितसंबंध जाहीर करण्याचा. अध्यक्षांनी विचारलं, कुणी काही बोललं नाही, दहा सेकंदांत पुढचा विषय. आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरनी परवानगीच्या बाजूने मत दिलं.

मताबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो त्यांचा अधिकार आहे. पण आठवड्याभरात त्यांचं पत्रक दारात येऊन पडलं. त्यात कुठल्याशा चॅरिटी डिनरचा फोटो आहे, ते टेबलाशी बसलेत आणि टेबलावरच्या पाटीवर हे फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरचं नाव. फोटो दोन-तीनदा निरखून पाहिला आणि ठरवलं, कुजबुज करत बसण्यापेक्षा नोंदी तपासायच्या.

कौन्सिलच्या वेबसाइटवर त्यांच्या पानावर रजिस्टर ऑफ इंटरेस्ट्स, म्हणजे हितसंबंधांची नोंद, सापडलं. मे २०२३ मध्ये निवडून आल्यावर हाताने भरलेला फॉर्म, किंचित तिरका स्कॅन झालेला. नोकरी आणि राहतं घर निळ्या शाईत लिहिलंय, बाकी सगळीकडे 'निल'. अगदी शेवटी भेटवस्तू आणि पाहुणचाराचा रकाना, तिथेही 'निल'.

तिथे मी अडखळले. कारण २०२४ च्या गणपतीत ते आरतीला आले होते, तेव्हा आमच्या मंडळानेच त्यांना शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेली गणेशमूर्ती दिली. मूर्ती मी पुण्याहून, लक्ष्मी रोडवरून आणली होती. ७,२०० रुपये, म्हणजे साधारण ६५ पौंड, मंडळाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेत. म्हणजे निदान एक नोंद राहिली आहे हे मला खात्रीने माहीत आहे. मग आणखी किती राहिल्या असतील?

मंडळातले काहीजण म्हणतात, कशाला नसत्या भानगडीत पडतेस, ते आपल्या कार्यक्रमांना येतात, उद्या येणं बंद करतील. मला कुणावर आरोप करायचा नाही. माणूस स्वभावाने चांगला आहे, आमच्या शाळेच्या खिडक्या त्यांनीच पाठपुरावा करून बदलून दिल्या. पण हॉल जाणार आहे आणि तो कसा जातोय हे मुलांना सांगताना मला खरं सांगता आलं पाहिजे.

तर, आमची मूर्ती नोंदवायला हवी होती का? भेटवस्तूंची यादी दुसरीकडे कुठे असते का? पत्नीच्या नावावर काही असेल तर ते दिसतं का? आणि विचारायचं कुणाला, कोणत्या शब्दांत?

प्रतिसाद १:

आधी नियम. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनुसार कौन्सिलरला पद घेतल्यापासून २८ दिवसांत आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात: नोकरी-धंदा, निवडणूक खर्चाला मिळालेली मदत, कौन्सिलशी असलेले करार, कौन्सिलच्या हद्दीतली जमीन, ठरावीक मर्यादेवरचे शेअर. पती किंवा पत्नीचे हितसंबंधही त्यातच मोडतात, पण नोंदीत ते तिचे म्हणून वेगळे दाखवायची सक्ती नाही. हे लपवून मत देणं गुन्हा आहे. डॉर्सेटमध्ये २०१५ साली अशा प्रकरणात एक कौन्सिलर दोषीही ठरला.

भेटवस्तू मात्र या कायद्यात येत नाहीत. २०१२ पर्यंत देशभर लागू असलेल्या आचारसंहितेत २५ पौंडांची मर्यादा होती. आता प्रत्येक कौन्सिल आपली संहिता ठरवते. लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन या कौन्सिलांच्या संघटनेच्या २०२० च्या नमुना संहितेत ५० पौंड किंवा जास्त किमतीची भेट २८ दिवसांत नोंदवायला सांगितलंय, आणि नाकारलेली मोठी भेटसुद्धा. तुमच्या कौन्सिलने कोणता आकडा घेतलाय ते तिच्या संविधानात, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, सदस्यांच्या आचारसंहितेत सापडेल. ५० असेल तर तुमची मूर्ती बसते. १०० असेल तर विषयच मिटला, म्हणून आधी ते बघा.

२०२३ च्या त्या फॉर्मवर मात्र विसंबू नका. तो पद घेतानाचा आहे आणि मूर्ती २०२४ ची. नंतरच्या भेटी बऱ्याच कौन्सिलांत वेगळ्या पानावर असतात, कौन्सिलरच्या नावाखाली 'गिफ्ट्स अँड हॉस्पिटॅलिटी' अशी लिंक दिसते का पाहा. एखाद्या रकान्यात माहिती राखून ठेवल्याचा उल्लेख दिसला तर लगेच संशय घेऊ नका, हिंसेचा किंवा धमकावण्याचा धोका असेल तर तपशील झाकायची कायद्यातच मुभा आहे.

डिनरच्या बाबतीत कळीचा प्रश्न एकच: तिकिटाचे पैसे कुणी भरले? स्वतः भरले असतील तर पाहुणचार नाही. फोटो ते सांगू शकत नाही.

प्रतिसाद २:

कंपनीचे धागे शोधायला कंपनीज हाऊसची, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीची, वेबसाइट फुकट आहे. नाव टाकलं की संचालकपदं दिसतात, सोडलेलीसुद्धा. एकाच नावाची चार माणसं निघतात, म्हणून जन्माचा महिना आणि वर्ष जुळतंय का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा भलत्याच माणसावर बोट ठेवणार होतो.

आणि जुनी इतिवृत्तं वाचा. या बिल्डरचा विषय आधी कधी आला होता, तेव्हा कुणी हितसंबंध सांगून बाहेर गेलं होतं का, ते त्यात लिहिलेलं असतं. मला सगळ्यात जास्त तिथे सापडलं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. वेगळं पान सापडलं. आमच्या कौन्सिलची मर्यादा ५० पौंडच आहे, आणि त्या पानावर त्यांच्या नावापुढे एकही नोंद नाही. कंपनीज हाऊसमध्ये काही निघालं नाही, तेही इथे सांगते, कारण शंका मीच जाहीर केली होती.

मॉनिटरिंग ऑफिसरला, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याला, लिहायचा मजकूर असा केलाय: 'सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या संस्थेने कौन्सिलरना अंदाजे ६५ पौंडांची मूर्ती दिली. तिची नोंद आम्हाला दिसली नाही. ती झाली आहे का, आणि सोबतच्या पत्रकातल्या डिनरचा पाहुणचार नोंदवला गेला आहे का, हे कृपया कळवावे.' आरोप नाही, फक्त प्रश्न. एवढ्याने बोळवण करतील का? माहिती अधिकारात, म्हणजे इथल्या २००० च्या कायद्याखाली, मागितलं तर २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून पहिल्याच ओळीत तसा उल्लेख करावा का?

प्रतिसाद १:

करा. आणि पाठवण्याआधी कौन्सिलरना स्वतः एक फोन करा. मूर्ती द्यायला तुम्ही त्यांच्या समोर उभ्या होतात. नोंद राहिली असेल तर आजही करता येते.

धागाकर्ती:

हे पटलं. रविवारी मंडळाची बैठक आहे, तिथे वही आणि पावती दोन्ही ठेवते आणि मग फोन करते. यजमानांचं म्हणणं, फोन मंडळाच्या अध्यक्षांनी करावा. पण मूर्ती आणली मी, त्यांच्या हातात दिली मी. मीच करेन.