पेनलँड मोहरी कोरड्या उतारावर का उगत नाही?

प्रश्न: कोलोरॅडोतील मॉस्किटो पर्वतरांगेत, १२,००० फुटांच्या वर, शेवाळात रुतलेली चार पांढऱ्या पाकळ्यांची इवलीशी फुले जुलैमध्ये पाहिली. सोबतच्या जाणकारांनी ही मोहरीच्या कुळातील दुर्मीळ पेनलँड मोहरी असल्याचे सांगितले. दहा पावलांवरच्या कोरड्या उतारावर मात्र तिचे एकही रोप नव्हते. असे का?

उत्तर १: कारण पाणी. वरच्या कपारींत उन्हाळ्यातही टिकून राहिलेला बर्फ हळूहळू वितळतो आणि ते पाणी खालच्या शेवाळी पाणथळीतून सतत झिरपत राहते. मुळे ओली राहतील तेवढ्याच पट्ट्यात ही वनस्पती तग धरते. जगात ती याच रांगेत आढळते, म्हणून १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने तिला कायद्याचे संरक्षण दिले.

उत्तर २: थोडी पुरवणी जोडतो. खाणींचे रस्ते आणि गाड्यांच्या चाकोऱ्या पाण्याची वाट वळवतात, त्यामुळे रोपावरून चाक गेले नाही तरी पाणथळ सुकू शकते. छायाचित्र काढताना आपण शेवाळावर पाय तर दिला नाही ना?

प्रश्नकर्ता: गुडघे टेकले होते, हे कबूल करतो. पुढच्या वेळी दगडावरूनच पाहीन.