मदत हवी आहे: कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, अंडीही फोडून खातात

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात (यवतमाळ) आमच्या घरामागे 14 गावरान आणि 8 वनराजा (सुधारित जातीच्या) कोंबड्या आहेत, त्यात कोंबडे 3. पंधरा दिवसांपासून दोन वनराजा कोंबड्या गावरानींच्या शेपटीजवळची पिसं उपटताहेत. एकीला तर रक्त निघेपर्यंत टोचलं. रक्त दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात, म्हणून तिला हळद लावून डालग्याखाली वेगळी ठेवली आहे. तिच्याकडे पाहवत नाही.

आता रोज दोन-तीन अंडीही फुटलेली सापडतात.

खायला ज्वारी, कणी, थोडी तुरीची चुनी. पेरणी झाल्यापासून शेजाऱ्यांच्या वावरात जाऊ नयेत म्हणून दिवसभर 6 बाय 8 फुटांच्या खुराड्यातच कोंडतो. आधी त्या मोकळ्या फिरून किडे, वाळवी वेचून खायच्या. मला संशय याचाच येतो, प्रथिनं कमी आणि जागा अडचणीची. शिंपल्यांचा चुरा परवापासून सुरू केला.

टोचणाऱ्या दोघींना किती दिवस वेगळं ठेवलं तर सवय मोडते? अंडी खाणारी नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं? चोचीचं टोक कापा असं एकानं सुचवलं, पण माझं मन धजत नाही. ज्यांनी स्वतः कोंबड्या पाळल्यात त्यांनी कृपया सांगा.