लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड आणि माउस: तुम्ही कसं जमवलंत?

मंडळी, लिनक्स डेस्कटॉपवर ग्राफिक्स कार्ड आणि माउस मनासारखे चालवताना काय काय करावं लागलं, ते इथे सविस्तर लिहा. विनंती एवढीच की साल, डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा वगैरे) आणि सेशन एक्स११चं होतं की वेलँडचं (स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी आणि नवी व्यवस्था), हे नक्की सांगा. या विषयात सगळ्यात जास्त त्रास होतो तो जुन्या सल्ल्यांचा. त्या त्या काळी ते अगदी बरोबर होते, पण खाली साल नसतं आणि नवा माणूस आजच्या मशीनवर तेच करून बसतो.

सुरुवात मी करतो. २००५च्या आसपास माउसचं चाक चालवायचं तर एक्सऑर्ग.कॉन्फ ही एक्स११च्या सेटिंग्जची फाइल हाताने लिहावी लागे. प्रोटोकॉल ‘आयएमपीएस/२’ आणि ‘झेडॲक्सिसमॅपिंग’पुढे ४ ५. एक्स११च्या हिशेबात चाक वर फिरवणं म्हणजे चौथं बटण दाबणं आणि खाली फिरवणं म्हणजे पाचवं, म्हणून ते आकडे. आता माउस लावला की तो ओळखला जातो, पुढचं लिबइनपुट ही माउस-कीबोर्ड सांभाळणारी लायब्ररी बघते आणि बहुतेक मशीनवर ती फाइल नसतेच. पण जुनी फाइल राहिली असेल तर एक्स सर्व्हर (एक्स११चा मुख्य प्रोग्राम) तिचंच ऐकतो. कार्ड बदललं आणि फाइलमध्ये जुन्या ड्रायव्हरचं नाव राहिलं, तर ‘नो स्क्रीन्स फाउंड’ म्हणून थांबतो. अशा वेळी फाइलचं नाव बदलून रीस्टार्ट करून पाहा, बहुधा तेवढ्यानेच काम होतं.

*नाशिकहून, ॲनिमेशनचं काम करते*

उबुंटू २२.०४. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की स्क्रीन काळी. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘इ’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहिलं, तेव्हा चित्र दिसलं. यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) कार्डाचा मोड स्वतः लावायला जात नाही आणि साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे कार्डाच्या खास ड्रायव्हरशिवायच्या चित्रावर, काम भागतं. हा फक्त आत शिरण्यापुरता उपाय आहे. ड्रायव्हर बसल्यावर तो शब्द काढून टाका, नाहीतर कार्ड असून नसल्यासारखं.

पुढची पायरी सिक्युअर बूटची (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना रोखणारी सोय), आणि इथे खूप जण अडकतात. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्यात ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली मान्य करणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा घाईत ओलांडला तर ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण सही मान्य नसल्यामुळे कर्नल त्याला आत घेत नाही. मी नव्या प्रत्येकाला सांगते, त्या पडद्यावर थांबा आणि वाचा.

ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामबद्दल एक: त्यातल्या सायकल्स इंजिनचं रेंडर कोणत्या कार्डावर करायचं ते प्रेफरन्सेसमध्ये ठरतं. पण व्ह्यूपोर्टही (काम करतानाचं दृश्य) मोठ्या कार्डावर हवा असेल, तर नोम या डेस्कटॉपमध्ये आयकॉनवर राइट क्लिक करून ‘डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड’चा पर्याय निवडून उघडा.

*डोंबिवली*

एएमडीवाल्यांसाठी थोडक्यात. एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५पासून, म्हणजे ४.२पासून, कर्नलमध्येच आहे, वरचं चित्र काढण्याचं काम मेसा ही लायब्ररी करते. वेगळं काही टाकू नका. अगदी नवं कार्ड असेल तर कर्नल, मेसा आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) तिन्ही नवे हवेत. डेबियन १२पासून (२०२३) फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं, हे फार चांगलं झालं. एनव्हिडियानेही मे २०२२मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, पण त्यावरचा ओपनजीएल, व्हल्कनचा, म्हणजे चित्र काढण्याचा, भाग बंदच आहे.

*कोल्हापूर, अक्षरलेखन शिकवतो*

माझा विषय माउसचा. फेडोरा, वेलँड. अक्षराची वळणं इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये काढताना पॉइंटर हाताच्या वेगाप्रमाणे कमीजास्त पळतो. मनगट तेवढंच हलतं, पण हळू हलवलं तर रेघ छोटी आणि झटक्याने हलवलं तर लांब. ‘फ्लॅट’ (हाताच्या वेगाने न बदलणारं) प्रोफाइल लावलं की हे थांबतं. एक्स११वर मी एक्सइनपुट ही माउसची कमांड वापरायचो. वेलँडवर ती कमांड खरा माउस दाखवतच नाही, फक्त ‘एक्सवेलँड-पॉइंटर’ दिसतो, कारण माउसचा ताबा आता कंपोझिटरकडे (खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे) असतो. म्हणून नोममध्ये सेटिंग्ज बदलायच्या जीसेटिंग्ज कमांडमधून ‘ॲक्सेल-प्रोफाइल’ फ्लॅट केलं, वेग -१ ते १ यांच्यामध्ये बेताचा ठेवला. माझ्या डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठी बटणांची अदलाबदल सेटिंग्जच्या माउस पानावरच होते. ज्यांना दिवसभर चित्र काढायचंय त्यांनी हे आधी करावं. हाताला सवय लागली की अक्षरात फरक पडतो.

*सोलापूर*

माउस थोडा वेळ पडून राहिला की झोपतो आणि क्लिक केल्याशिवाय उठत नाही? वीज वाचवणाऱ्या पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून लावलं असेल तर यूएसबी ऑटोसस्पेंड (न वापरलेलं उपकरण झोपवणं) तपासा. त्या माउसच्या पॉवर कंट्रोलची किंमत ‘ऑन’ केली की झालं.

*बंगळुरू*

नोम, वेलँड. ट्रॅकबॉलला (गोळा फिरवून चालवायच्या माउसला) चाक नाही. बटण दाबून धरून स्क्रोल करता येतं का? एक्स११वर कॉन्फमध्ये लिहून होत होतं.

*धागाकर्ता*

बंगळुरूकर, होतं. जीसेटिंग्जमध्ये माउसशेजारीच ट्रॅकबॉलचा वेगळा विभाग आहे, त्यात ‘स्क्रोल-व्हील-एम्युलेशन-बटन’ची किंमत ० असते. तिथे हव्या त्या बटणाचा नंबर द्या. जमलं की डिस्ट्रो आणि साल लिहून इथेच कळवा.