आईबाबांची गाडी कोकणात अडकली आहे, रेल्वेतलं कोणाला कळतं का?

सोसायटी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज), मनीषनगर, नागपूर

ए-303, वहिनी (दु. 2:18): नमस्कार. घरची गोष्ट ग्रुपवर टाकतेय, माफ करा. आईबाबा सकाळी कुडाळहून निघालेत. रत्नागिरी सोडली आणि पुढे एका लहान स्टेशनात गाडी दोन तासांपासून उभी आहे. पुढे कटिंगमध्ये दरड आली, रुळावर मातीच माती आहे म्हणतात. रात्री कल्याणहून नागपूरची गाडी धरायची होती. बाबांना शुगर आहे.

सी-102 (2:19): अरे देवा.

बी-204 (2:21): टीव्हीवर तर काही दाखवून नाही राहिले.

सी-401 (2:24): [व्हिडिओ] कोकण रेल्वे वाहून गेली!! रूळ हवेत लटकून राहिले. सगळ्यांना पाठवा.

ए-303, वहिनी (2:25): हे आत्ताचं आहे का?? आईचा फोन लागत नाहीये

बी-101, काका (2:31): बेटा, घाबरू नको. तो व्हिडिओ पुन्हा पाहा. रुळावर विजेची तार दिसते का? खांब तरी? कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पूर्ण झालं, रोह्यापासून ठोकूरपर्यंत. म्हणजे व्हिडिओ एकतर जुना आहे नाहीतर तिकडचा नाहीच. सी-401, काढून टाका जी.

सी-401 (2:33): मला भाच्याने पाठवला काका.

बी-101, काका (2:33): भाच्यालाही सांगा.

सेक्रेटरी (2:35): सर्वांना विनंती, खात्री केल्याशिवाय काही टाकू नये. आणि बी विंगची मोटर कोणी लावली आहे? टाकी वाहून राहिली.

बी-101, काका (2:44): वहिनी, गाडी स्टेशनात उभी आहे ना, जंगलात नाही? मग अर्धी काळजी सोड. ते मुद्दाम केलेलं असते. रोहा-वीर सोडलं तर तिकडे बहुतेक एकेरी मार्ग आहे. एका जागी माती आली की जाणारी-येणारी सगळी लाइन बंद. मग कंट्रोलवाले जी गाडी जिथे असेल तिथल्या जवळच्या स्टेशनात घेऊन ठेवतात. निदान प्लॅटफॉर्म असतो, पाणी असते, डॉक्टर बोलावता येतो. बाबांना सांग, 139 वर फोन करून कोच नंबर, सीट नंबर आणि शुगरचं सांगून ठेवा. आणि गाडीच्या गार्डला भेटून घ्या. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गार्ड म्हटलं तरी ओ देतात.

बी-204 (2:50): पण काका, जेसीबी लावला की तासाभराचं काम. एवढा वेळ काऊन लागते?

बी-101, काका (3:02): जेसीबी उतरवता कुठून? कटिंग म्हणजे डोंगर उभा कापून काढलेली खाच, दोन्हीकडे भिंत आणि मधे एक रूळ. रस्ता तिथवर जातच नाही. पोकलेन कधी कधी वॅगनवर चढवून न्यावा लागतो. बरं, खालची माती उचलली की वरची घसरते, कारण खालचीच तिला टेकू देऊन राहिली असते. आणि तिकडची मातीही वेगळी. वर जांभा असतो, भोकाभोकांचा, चाळणीसारखा. पाणी पितच राहतो. खाली चिकण माती लागली की पाणी तिथे थांबते, आणि मग ओला बोजा त्या गुळगुळीत थरावरून सरकत येतो. आपल्याकडे वर्षभरात हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तिकडे तीन हजारांच्या वर. 14 जुलै 2024 ला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ अशीच दरड आली होती. लाइन सुरू व्हायला जवळपास 24 तास लागले.

ए-303, वहिनी (3:03): 24 तास??

बी-101, काका (3:04): ती मोठी होती बेटा. प्रत्येक वेळी तेवढे नाही लागत. मी उगाच बोललो.

सी-305 (3:10): मोठी असो की छोटी, 1998 पासून लाइन सुरू आहे. 91 बोगदे खोदता येतात आणि माती अडवता येत नाही? पावसाळा काय पहिल्यांदा आला?

बी-101, काका (3:27): प्रश्न बरोबर आहे जी. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळली. सुट्टीसाठी सोडलेली खास गाडी होती. 50 च्या वर माणसं गेली. वर्ष होत नाही तर 16 जून 2004 ला महाडकडे मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून खाली आली. तिथेही दगडच. त्यानंतर जाळ्या मारल्या, कड्यांचे उतार कमी केले, धोक्याच्या जागी चोवीस तास माणूस बसवला. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असते आणि वेग कमी. फार जोराचा पाऊस असला की ताशी 40. लोक म्हणतात गाडी रखडवली.

मी तिकडचा नाही, आपल्या नागपूर-इटारसी लाइनवरच्या धाराखोह-मरामझिरी घाटात रेल्वेच्या नोकरीत पावसाळे काढले. रात्रीचा गस्तवाला म्हणजे एकटा माणूस, हातात दिवा, खांद्यावर पिशवी. पिशवीत फटाके असतात, डेटोनेटर. पुढे धोका दिसला की ते रुळाला बांधायचे. इंजिन वरून गेलं की फटकन आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. एकदा आमच्या एका गँगमनने गाडी थांबवली. का, तर कड्यातून झिरपणारं पाणी रोज स्वच्छ असायचं, ते त्या रात्री लाल गढूळ झालं. आतून माती सुटून राहिली असं त्याचं म्हणणं. गाडी दीड तास उभी. आणि कडा काही आला नाही! वरून विचारणा झाली, गाडी कोणाच्या सांगण्यावरून थांबवली. मी लिहून दिलं, माझ्या. गढूळ पाणी दिसलं तर आजही तेच लिहीन.

सी-305 (3:31): ओके काका. आपण 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलावाचं पाणी शहरात शिरलेलं पाहिलंच आहे. पाण्यापुढे काही चालत नाही हे मान्य. पण स्टेशनावर कोणी नीट सांगत नाही, ही तक्रार राहतेच.

बी-101, काका (3:32): ती माझीही आहे.

ए-105 (3:40): वहिनी, कल्याण-नागपूरचं तिकीट वेगळं काढलं होतं का? दोन्ही पीएनआर लिंक केले होते? एप्रिल 2019 पासून सोय आहे. पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी सुटली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मिळतात.

ए-303, वहिनी (3:43): नाही ना. एक मामांनी काढलं, एक आम्ही. लिंक वगैरे कोणाला माहीत!

ए-105 (3:46): मग गाडी मिळत नाही असं वाटलं तर चार्ट लागायच्या आधीच रद्द करून टाका. कापून जे हाती येईल ते आपलं. बाकी लोकांसाठी: रेल्वेने स्वतः गाडी रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप येतात, काही करावं लागत नाही. आपल्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचं नसेल, तर गाडी सुटायच्या आधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा. लोक घरी परत जाऊन भरतात आणि मग रडतात.

बी-204 (3:48): ठाण्याहून समृद्धीने गाडी करून या म्हणावं. 701 किलोमीटर, सरळ रस्ता.

सी-102 (3:49): सत्तरीच्या माणसांना? काही पण.

ए-303, वहिनी (4:52): लागला फोन! बाबांनी शेंगदाणे आणि भाकरी खाल्ली. गावातली पोरं डब्याडब्यात चहा देऊन गेली, पैसे घेईनात. मी रडवेली झाले तर आई मलाच विचारते, "आमका काय जावक नाय. तू जेवलंस काय गो?" मी खरंच जेवले नव्हते.

बी-101, काका (4:55): जेवून घे.

ए-303, वहिनी (6:41): गाडी हलली! पण चालत गेलो तर लवकर पोचू, असं बाबा म्हणतायत.

बी-101, काका (6:44): माती काढलेल्या जागेवरून पहिली गाडी बैलगाडीच्या चालीनेच काढतात. खाली इंजिनीअर उभे राहून रूळ दबतो का ते पाहतात. खिडकीतून हात दाखवा म्हणावं त्यांना, दिवसभर चिखलात आहेत.

ए-303, वहिनी (9:20): रात्रीची गाडी हुकणारच होती, तिकीट रद्द केलं. आज ठाण्याला मावसभावाकडे थांबतील. उद्या रात्री निघून परवा सकाळी नागपूर. सगळ्यांचे मनापासून आभार.

बी-101, काका (9:24): परवा मी गाडी घेऊन स्टेशनला येतो. सात नंबरला उतरतील की एकला, ते मी पाहून ठेवतो.

ए-303, वहिनी (9:26): काका, आधीच सांगते, पिशवीत सुके बांगडे आणि सुकट आहे. दिवसभर बंद डब्यात होती. तुमच्या गाडीत आठवडाभर वास राहील.

बी-101, काका (9:27): राहू दे जी. फक्त काकूंना सांगू नको.

बी-101, काकू (9:29): काकू ग्रुपवर आहेत.

सेक्रेटरी (9:31): बी विंगची मोटर अजून सुरूच आहे.