मदत हवी आहे: धर्मादाय संस्थेच्या मालकीची बँक कशी पारखायची?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नौपाड्याला राहतो, एका छोट्या ट्रस्टचे हिशेब बघतो. तेवढ्या भांडवलावर इंग्लंडमधल्या धाकट्या बहिणीने मला तज्ज्ञ ठरवलंय! तिच्या संस्थेला कॅफ बँकेत खातं काढायचंय. ही बँक चॅरिटीज एड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या मालकीची. कमिटी म्हणते, मालकच धर्मादाय, मग आणखी काय बघायचं?

मला हे पटत नाही. मालकीवरून नफा कुठे जातो ते कळतं, ठेवी कुठे जातात ते नाही. सेवाभावी संस्थांना दिलेली कर्जं ठीक, पण उरलेला पैसा रोख्यांत किंवा दुसऱ्या बँकांत असेल तर? त्या बँका तेल नि शस्त्रांच्या कंपन्यांना पोसत असल्या तर? तिकडेच काम करणारी ट्रायोडॉस बँक तर कुणाला कर्ज दिलं त्याची यादीच जाहीर करते.

आपल्याकडे सहकारी बँकेचा अहवाल आला की मी आधी गुंतवणुकीचं परिशिष्ट उघडतो. ५ लाखांचा ठेव विमा नंतर.

बँकेतून निवृत्त झालेल्यांनी सांगा, ताळेबंदात नेमकं कुठे बघू? आणि बँकेला लेखी काय विचारायला सांगू? पुढच्या आठवड्यात त्यांची मीटिंग आहे.