'रिडीमिंग लव्ह': अर्धवट शुद्धीत दिलेला होकार तुम्ही कसा पचवलात?

सांजवाचन
रोज संध्याकाळी सातला मी सासूबाईंना कादंबरी वाचून दाखवते. डोळ्यांसमोर इंग्रजी पान, तोंडाने मराठी. त्या 78 वर्षांच्या. नगरच्या चर्चमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं रविवारची शाळा घेतली, आता नजर साथ देत नाही. सध्या फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' चालू आहे. 1850चं कॅलिफोर्निया, सोन्याच्या मागे लागलेली माणसं. एंजेलला लहानपणीच विकलेलं, आता ती खाणवस्तीतल्या कोठ्यावर. देवाने सांगितलं म्हणून तिच्याशी लग्न करायला निघालेला शेतकरी मायकल होशेय. आडनाव ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ही गोमेर." बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची, त्याला सोडून जाणारी बायको ती.

परवा लग्नाचा प्रसंग आला. तिला मरेस्तोवर मारलंय, ती धड शुद्धीत नाही, आणि तशात ती 'हो' म्हणते. सासूबाईंनी मला थांबवलं. "आपण कशाला हो म्हणतोय, हे कळत होतं का गं तिला?"

मला ही कादंबरी फार जवळची आहे, शेवट वाचताना मी रडले होते. तरी मला उत्तर देता आलं नाही. दोन संध्याकाळी पुस्तक मिटलेलंच आहे. तुम्ही कुणी वाचली असेल तर सांगा.

काठावरचा
सासूबाईंचा प्रश्न थेट शास्त्रालाच लागू पडतो, ताई. होशेयच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव (ही तेव्हाची मापं) मोजून ती बाई परत आणली जाते. तिला कुणी विचारत नाही. तिथे ती बाई म्हणजे देवापासून दूर गेलेले इस्राएलचे लोक, म्हणून आपल्याला खटकत नाही. लेखिकेने तिला रक्तामांसाची केली की खटकणारच, आणि खटकायलाच हवं.

मी तो लग्नाचा होकार मानतच नाही. ती कितीदा पळते बघा. शेवटच्या वेळी मायकल तिला आणायला जात नाही. ती आपल्या पायांनी परत येते आणि आपलं खरं नाव सांगते, सेरा. माझ्या लेखी लग्न त्या दिवशी लागलं. तिथपर्यंत नक्की वाचून दाखवा.

जुनी_पेटी
प्रसंग कठोर आहे, पण काळही तसाच होता. जानेवारी 1848मध्ये कोलोमाला सटरच्या गिरणीपाशी सोनं सापडलं. 1850च्या शिरगणतीत कॅलिफोर्नियात बायकांचं प्रमाण दहातही एक नव्हतं. अशा वस्तीत बाईला कुठली निवड!

मला दुसरंच सलतं. त्याच 1850 साली तिथे कायदा झाला, त्याने मूळ रहिवाशांची मुलं गोऱ्यांच्या घरी कामाला जुंपता येऊ लागली. 1848मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेले ते लोक 1870पर्यंत तीस हजारांवर आले. मायकलच्या सुंदर दरीत आधी कोण राहत होतं, हे कादंबरी विचारत नाही. विकलेल्या मुलीची गोष्ट सांगताना ही विकलेली मुलं डोळ्याआड व्हायला नको होती.

आणि सासूबाईंना हे सांगा: शेवटाकडे एंजेल सॅन फ्रान्सिस्कोत कोठ्यावरून सुटलेल्या मुलींसाठी घर काढते. पंडिता रमाबाई 1888 साली अमेरिकेहून परत निघाल्या त्या याच बंदरातून. पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

सांजवाचन
दोघांचेही आभार. काल तुमचे निरोप वाचून दाखवले. केडगावचं नाव निघताच सासूबाई सरसावून बसल्या. त्यांच्या आईने लहानपणी तिथलं कृपासदन पाहिलं होतं, हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग म्हणाल्या, "आधी होशेय तीन वाच. मग पुस्तक उघड. आणि ती पळून जाते ना, तो भाग सावकाश वाच, मला तिच्याबरोबर चालायचंय."

काल अकरा पानं झाली. एंजेल अजून मायकलच्या झोपडीतच आहे, दाराकडे बघत.